व्हिन्सेंट व्हॅन गॉग: एका रुग्णाचे आयुष्य आणि आर्ट थेरपीतील तुमचे हक्क

तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला डॉक्टरांनी आर्ट थेरपी सुचवली असेल, तर काही प्रश्न मनात आलेच असतील. चित्र काढता येत नसेल तर चालेल का? काढलेले चित्र कोण कोण बघणार? त्यावरून आजार ओळखणार का? नंतर ते चित्र कुणाचे? बरेच रुग्ण हे प्रश्न संकोचाने विचारत नाहीत. नातेवाईकही डॉक्टरांना उगाच कशाला त्रास द्यायचा म्हणून गप्प राहतात.

हे प्रश्न समजून घेण्यासाठी व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे आयुष्य उपयोगी पडते. त्याची सूर्यफुले आणि तारांकित रात्र तुम्ही कॅलेंडरवर, कपांवर, मोबाइलच्या कव्हरवर पाहिली असतील. त्याने कान कापून घेतल्याची गोष्टही ऐकली असेल. पण आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात तो तीन डॉक्टरांचा रुग्ण होता. त्याच्याशी त्या काळात जे बरे आणि वाईट घडले, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आज आर्ट थेरपीच्या नियमांत कुठे ना कुठे सापडते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. व्हिन्सेंटला कुणीही आर्ट थेरपी दिली नाही. ती त्या काळी अस्तित्वातच नव्हती. आर्ट थेरपी हा शब्द 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये एड्रियन हिल या चित्रकाराने रूढ केला. क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये स्वतः रुग्ण असताना चित्रे काढून त्याला बरे वाटले होते. व्हिन्सेंटसाठी चित्रकला हा उपचार नव्हता, ते त्याचे काम होते.

घरच्यांची काळजी कुठे संपते?

व्हिन्सेंटचा जन्म 30 मार्च 1853 रोजी नेदरलँड्समधील झुंडर्ट या गावी झाला. वडील पाद्री होते. सोळाव्या वर्षी तो हेग शहरात चित्रांची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीत लागला. पुढे लंडन आणि पॅरिसच्या शाखांत काम केले. 1876 मध्ये ती नोकरी गेली. मग शाळेत शिकवणे, पुस्तकांच्या दुकानात काम, धर्मशास्त्राचा अर्धवट अभ्यास असे करत तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळसा खाणींच्या भागात धर्मप्रचारक म्हणून गेला. तिथे त्याने आपले कपडे आणि पैसे खाणकामगारांना वाटून टाकले आणि स्वतः झोपडीत राहू लागला. वरिष्ठांना हे पटले नाही. नेमणूक पुढे चालू राहिली नाही.

1880 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. त्याच सुमारास वडिलांच्या मनात त्याला बेल्जियममधील गील या गावी पाठवावे असे आले होते. मानसिक रुग्णांना गावकऱ्यांच्या घरी ठेवून सांभाळण्यासाठी हे गाव शतकानुशतके प्रसिद्ध आहे. व्हिन्सेंटने ठाम विरोध केला आणि तो बेत बारगळला.

वडिलांची काळजी खोटी नव्हती. मुलगा एका नोकरीत टिकत नाही, नीट जेवत नाही, कुणाचे ऐकत नाही, हे बघून आजही आई-वडील घाबरतात. पण विचित्र वागणे आणि आजार यांत फरक असतो. आपल्या देशातील मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 हेच सांगतो. कुणाचे विचार, धर्म, राहणी किंवा नोकरीतील अपयश समाजाला वा घरच्यांना पटत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. तुम्ही नातेवाईक असाल, तर डॉक्टरांना भेटण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा: या माणसाला त्रास होतो आहे, की त्याच्यामुळे आपली अडचण होते आहे? दोन्ही असू शकते. पण डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळे सांगितले तर त्यांचे काम सोपे होते.

आर्लचे हॉस्पिटल आणि शेजाऱ्यांचा अर्ज

फेब्रुवारी 1888 मध्ये व्हिन्सेंट दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी राहायला गेला. पॅरिसमध्ये असलेला धाकटा भाऊ थिओ त्याला दरमहा पैसे पाठवत असे. ऑक्टोबरमध्ये चित्रकार पॉल गोगँ त्याच्यासोबत राहायला आला. दोघांचे पटले नाही. 23 डिसेंबरच्या रात्री भांडणानंतर व्हिन्सेंटने स्वतःचा डावा कान कापला. दुसऱ्या दिवशी पोलिसांना तो घरात बेशुद्धावस्थेत सापडला.

हॉस्पिटलमध्ये त्याला तपासणारे डॉ. फेलिक्स रे तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे होते, शिकाऊ डॉक्टर. त्यांनी त्याच्याकडे उपद्रवी वेडा म्हणून न बघता आजारी माणूस म्हणून बघितले. हा एक प्रकारचा अपस्मार असावा असे त्यांना वाटले. त्यांनी त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याला त्याच्या घरी जाऊन चित्रे बघू दिली. 7 जानेवारी 1889 रोजी व्हिन्सेंट घरी परतला. कृतज्ञता म्हणून त्याने डॉ. रे यांचे व्यक्तिचित्र काढून त्यांना भेट दिले.

पुढच्या महिन्यात पुन्हा झटका आला. आपल्यावर विषप्रयोग होतो आहे असे त्याला वाटू लागले. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा सुटका. मग फेब्रुवारीअखेर सुमारे तीस शेजाऱ्यांनी सह्या करून महापौरांकडे अर्ज दिला. हा माणूस धोकादायक आहे, त्याला कोंडून ठेवा किंवा त्याच्या घरच्यांकडे पाठवा, अशी त्यांची मागणी होती. पोलिसांनी त्याच्या पिवळ्या घराला कुलूप लावले आणि त्याला हॉस्पिटलच्या एकांतखोलीत ठेवले. त्या काळात पुस्तके, रंग, तंबाखूची पाइप यांपैकी काहीच त्याच्याकडे नव्हते. गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, आणि त्याचे म्हणणे कुणी नीट ऐकून घेतले नव्हते. त्याला सर्वांत जास्त लागले ते हेच, की आपण ज्यांच्यात राहत होतो त्यांनीच एकत्र येऊन हे केले.

आज आपल्याकडे हे असे करता येत नाही. 2017 च्या कायद्याने मानसिक रुग्णाला एकांतकोठडीत ठेवण्यावर बंदी घातली आहे. साखळीने बांधण्यावरही बंदी आहे. सोसायटीतल्या लोकांनी सह्यांचे पत्र दिले म्हणून कुणाला दाखल करून ठेवता येत नाही. दाखल करायचे तर रुग्णाची संमती लागते. तो निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि डॉक्टरांची तपासणी लागते, त्याला मुदतही असते, आणि त्या निर्णयाविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

एका रेखाटनाची गोष्ट: गोपनीयता

डॉ. रे यांची गोष्ट इथे संपत नाही. व्यक्तिचित्र त्यांना आवडले नव्हते. त्यांच्या घरी ते बराच काळ अडगळीत होते, कोंबड्यांच्या खुराड्याचे भोक बुजवायला वापरले गेले अशी कथा आहे. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.

व्हिन्सेंट गेल्यावर चाळीस वर्षांनी, 1930 मध्ये, अमेरिकन लेखक अर्व्हिंग स्टोन त्याच्यावर कादंबरी लिहिण्यासाठी माहिती गोळा करत आर्लला आला. डॉ. रे यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर त्याला कानाचे रेखाटन करून दिले: कुठून कापला आणि काय उरले. ते रेखाटन स्टोनच्या कागदपत्रांत अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होते. 2016 मध्ये ते जगासमोर आले आणि व्हिन्सेंटने कानाचा तुकडा नव्हे, जवळजवळ संपूर्ण कान कापला होता हे स्पष्ट झाले.

इतिहासकारांसाठी हा मोठा पुरावा ठरला. पण डॉक्टर म्हणून आपण वेगळा प्रश्न विचारायला हवा. रुग्णाच्या जखमेचे चित्र एका कादंबरीकाराला देण्याची परवानगी डॉ. रे यांना कुणी दिली होती? रुग्ण हयात नव्हता. डॉक्टरांचा हेतूही वाईट दिसत नाही. तरीही तपासणीच्या खोलीत जे कळले ते खोलीबाहेर गेले. आजच्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार रुग्णाच्या मृत्यूनंतरही गोपनीयतेची जबाबदारी संपत नाही.

आर्ट थेरपीत हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण तिथे बोललेल्या शब्दांबरोबर एक वस्तू तयार होते. ती हातात धरता येते, मोबाइलने तिचा फोटो काढता येतो, ती भिंतीवर लावता येते. म्हणून या व्यवसायाचा नियम असा आहे की सत्रात तयार झालेले चित्र, शिल्प किंवा कोलाज हे तुमच्या बोलण्याइतकेच गोपनीय मानायचे. तुमच्या लेखी परवानगीशिवाय थेरपिस्टने त्याचा फोटो काढू नये, वर्गात शिकवताना दाखवू नये, संस्थेच्या माहितीपत्रकात छापू नये, सोशल मीडियावर तर मुळीच टाकू नये. नाव झाकले तरी परवानगी लागतेच, कारण कधी कधी चित्रावरूनच माणूस ओळखू येतो. परवानगी दिल्यानंतर तुमचा विचार बदलला तर ती मागेही घेता येते.

गोपनीयतेला काही अपवाद असतात. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर थेरपिस्टला माहिती द्यावी लागते. हे अपवाद त्यांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवेत.

सँ-रेमी: स्वतःहून दाखल झालेला रुग्ण

8 मे 1889 रोजी व्हिन्सेंट आर्लजवळील सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. जुन्या मठाच्या इमारतीत ते चालत असे. तो स्वतःच्या इच्छेने गेला होता. आपण एकटे राहू शकत नाही, पुन्हा झटका आला तर कुणीतरी जवळ हवे, हे त्याला समजले होते. पाद्री साल त्याच्यासोबत गेले. खर्च थिओने उचलला आणि भावाला चित्र काढायला मोकळीक द्यावी अशी विनंती त्याने आधीच पत्राने केली होती.

तिथले प्रमुख डॉ. पेरॉन हे पूर्वी नौदलात होते. उपचार म्हणजे आठवड्यातून दोनदा पाण्याच्या टबात दोन-दोन तास बसवणे, एवढेच. पण त्यांनी एक चांगली गोष्ट केली. रुग्णालयात कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या. त्यांतली एक त्यांनी व्हिन्सेंटला चित्रे काढण्यासाठी दिली. सुरुवातीला त्याला आवाराबाहेर जायची परवानगी नव्हती, म्हणून त्याने बागेतली फुले, झाडे, भिंती रंगवल्या. महिन्याभरात सेवकाला सोबत घेऊन बाहेर जायची मुभा मिळाली. जून 1889 मध्ये तारांकित रात्र हे चित्र त्याने तिथेच काढले.

जुलैमध्ये बाहेर चित्र काढत असताना मोठा झटका आला. त्या अवस्थेत त्याने ट्यूबमधले रंग खाल्ले. त्या काळच्या रंगांत शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असत. डॉ. पेरॉन यांनी रंग काढून घेतले. ते योग्यच होते.

काही आठवड्यांनी व्हिन्सेंट सावरला, पण रंग परत मिळाले नव्हते. त्याने थिओला लिहिले की डॉक्टरांना सांग, कामाशिवाय मी बरा होणार नाही. भावाच्या मदतीने रंग परत मिळाले. हिवाळ्यात पुन्हा झटका आला तेव्हा काही काळ रंग बंद ठेवून त्याला फक्त रेखाटन करू दिले गेले.

इथे थोडे थांबून बघा. धोका होता म्हणून साधन काढून घेतले, पण सगळे बंद केले नाही. कागद आणि पेन्सिल राहू दिली. धोका टळल्यावर रंग परत दिले. आजच्या उपचारशास्त्रातही हाच नियम आहे: बंधन घालायचे तर जेवढे गरजेचे तेवढेच, आणि गरज संपली की काढून टाकायचे. आर्ट थेरपिस्टने साहित्य निवडताना हे बघायलाच हवे. टर्पेंटाइन, धारदार कटर, काच, विषारी रंग ही साधने कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे रुग्णाच्या अवस्थेवर ठरते. लहान मुले, दमा असलेले आणि स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येणारे रुग्ण यांच्याबाबत जास्त काळजी लागते. तुम्हाला कशाची अॅलर्जी असेल, तर पहिल्या दिवशीच सांगा.

थिओने काय केले तेही लक्षात घ्या. त्याने भावाच्या वतीने निर्णय घेतला नाही, भावाचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. नामनिर्देशित प्रतिनिधीचे काम नेमके हेच आहे. आपल्या कायद्यानुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून आणि सही करून असा प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असावा असे नाही.

सँ-रेमीत व्हिन्सेंटने एका सहरुग्णाचेही चित्र काढले. त्या रुग्णाचे नाव चित्रावर नाही. आज गटाने आर्ट थेरपी घेताना हाच नियम तुम्हालाही लागू होतो. शेजारी बसलेल्याने काय काढले, काय सांगितले, हे घरी जाऊन सांगायचे नाही.

रुग्णालयाबाहेर: डॉक्टर की मित्र?

सँ-रेमीत वर्षभरात व्हिन्सेंटने सुमारे दीडशे चित्रे काढली. 16 मे 1890 रोजी तो तिथून बाहेर पडला. डॉ. पेरॉन यांनी नोंदवहीत बरा झाला असे लिहिले, जरी आदल्याच महिन्यापर्यंत तो एका दीर्घ झटक्यात होता.

पॅरिसमध्ये थिओ, त्याची पत्नी यो आणि त्यांचे तान्हे बाळ यांना भेटून तो जवळच्या ओव्हेर या गावी गेला. तिथे डॉ. पॉल गाशे राहत. त्यांनी तरुणपणी विषण्णतेच्या आजारावर प्रबंध लिहिला होता. ते होमिओपॅथीही करत. शिवाय स्वतः चित्रे काढत, छापचित्रे बनवत, आणि अनेक चित्रकारांचे मित्र होते. चित्रकाराला यापेक्षा चांगला डॉक्टर कोणता, असे थिओला वाटणे साहजिक होते.

व्हिन्सेंट आठवड्यातून एक-दोनदा त्यांच्या घरी जेवायला जात असे. तो त्यांच्या बागेत आणि त्यांच्या मुलीला समोर बसवून चित्रे काढे. त्यांच्याच यंत्रावर त्याने आपले एकमेव एचिंग छापले, तेही डॉक्टरांचेच. डॉक्टरांचे व्यक्तिचित्र केले आणि त्यांच्यासाठी दुसरी प्रतही केली. पण हा डॉक्टर आपल्याइतकाच आजारी आहे, त्याच्यावर विसंबता येणार नाही, असे त्याचे मत सुरुवातीलाच झाले होते.

डॉ. गाशे वाईट माणूस होते असे म्हणता येणार नाही. पण एकाच वेळी ते डॉक्टर, मित्र, यजमान, चित्रांचे संग्राहक आणि सहकलाकार होते. अशा वेळी रुग्णाने मनातले कुणाला सांगायचे? जेवणाच्या टेबलावर हसणाऱ्या मित्राला काल रात्रीची भीती सांगणे अवघड असते. आणि आपल्या रुग्णाच्या चित्रांवर भाळलेल्या डॉक्टरला त्याच्या ढासळत्या मनाकडे तटस्थपणे बघणेही अवघड असते.

27 जुलै 1890 रोजी व्हिन्सेंट गोळीने जखमी होऊन खोलीवर परतला. ही जखम त्याने स्वतःच केली होती असे बहुतेक अभ्यासक मानतात. 29 जुलैला, थिओ जवळ असताना, तो गेला. तो 37 वर्षांचा होता. डॉ. गाशे यांनी मृत्युशय्येवरील त्याचे चित्र काढले. अंत्यविधीनंतर अनेक चित्रे गाशे कुटुंबाकडे गेली. पुढे त्यांच्या मुलांनी ती फ्रान्सला दिली. थिओच्या कुटुंबाकडे असलेले डॉ. गाशे यांचे व्यक्तिचित्र मात्र विकले गेले, आणि 1990 मध्ये लिलावात त्याला सव्वाआठ कोटी डॉलर्स किंमत आली.

म्हणूनच आज थेरपिस्टने रुग्णाशी दुसरे नाते ठेवू नये असा नियम आहे. तुमचा थेरपिस्ट तुमचे चित्र विकत घेऊ शकत नाही, विकू शकत नाही, स्वतःच्या संग्रहासाठी मागू शकत नाही. प्रेमाने दिलेली भेटसुद्धा घ्यावी की नाही, याचा त्याला विचार करावा लागतो. तुम्ही दिलेली भेट त्याने नम्रपणे नाकारली, किंवा सत्राबाहेर चहाला येणे टाळले, तर अपमान समजू नका. तो तुमच्यासाठी ती जागा मोकळी ठेवतो आहे.

चित्रावरून निदान करता येते का?

व्हिन्सेंट गेल्यावर त्याच्या आजाराला शंभरहून अधिक वर्षे नावे दिली जात आहेत: अपस्मार, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, पोर्फिरिया, कानाचा आजार, शिशाची विषबाधा, मद्याचा परिणाम. काहींनी त्याच्या चित्रांतला पिवळा रंग बघून असेही म्हटले की त्याला डिजिटॅलिस या औषधाने सगळे पिवळे दिसत असावे, कारण डॉ. गाशे यांच्या व्यक्तिचित्रात त्या औषधाचे झाड आहे. पण त्याला ते औषध दिल्याची नोंद नाही, आणि त्याच्या चित्रांत निळा व हिरवाही तितकाच जोरकस आहे. पिवळा त्याला आवडत होता, एवढेही कारण पुरते. 2016 मध्ये अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात डॉक्टर आणि अभ्यासक एकत्र बसले, तेव्हाही एका निदानावर एकमत झाले नाही.

यातून तुम्ही एवढे घ्या: नुसत्या एका चित्रावरून आजार सांगणारा माणूस शास्त्राला धरून बोलत नाही. काळा रंग म्हणजे नैराश्य, झाडाला मुळे नाहीत म्हणजे असुरक्षितता, असे ठोकताळे चांगला थेरपिस्ट वापरत नाही. तो तुम्हाला विचारतो. चित्राचा अर्थ सांगण्याचा पहिला हक्क तुमचा आहे, आणि न सांगण्याचाही. निदान करायचे ते मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, तुमचा इतिहास आणि तपासणी यांच्या आधारे करतात.

आणखी एक गैरसमज. आजारामुळे व्हिन्सेंट मोठा चित्रकार झाला, असे अनेकांना वाटते. खरे तर झटक्याच्या काळात त्याला फारसे काम करता येत नसे. मन थाऱ्यावर असताना त्याने चित्रे काढली, आणि त्यामागे अनेक वर्षांचा रोजचा सराव होता. म्हणून औषध घेतले तर प्रतिभा जाईल या भीतीने उपचार टाळू नका. औषधाने सुस्ती येत असेल, हात थरथरत असेल, तर डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते. स्वतःहून बंद करू नका.

मागे राहिलेले

व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यांत, जानेवारी 1891 मध्ये, थिओही गेला. तो आधीच आजारी होता, आणि भावाच्या मृत्यूनंतर वेगाने खचला. त्यांची धाकटी बहीण विल पुढे जवळजवळ चाळीस वर्षे मनोरुग्णालयात राहिली. कुटुंबातल्या एकाच्या आजारपणात बाकीच्यांकडे दुर्लक्ष होते, हे आम्ही रोज बघतो. काळजी घेणाऱ्यालाही झोप, आधार आणि गरज पडल्यास स्वतःचा डॉक्टर लागतो.

थिओची पत्नी यो हिच्याकडे शेकडो चित्रे आणि पत्रांचा ढीग उरला. तिने चित्रे जपली, प्रदर्शने भरवली आणि 1914 मध्ये पत्रे प्रकाशित केली. त्यात दोघा भावांचे अत्यंत खासगी बोलणे आहे. जगाला व्हिन्सेंट कळला तो यामुळेच. पण व्हिन्सेंटला हे विचारता आले नव्हते. तुमच्या बाबतीत तसे व्हायची गरज नाही. सत्रात काढलेल्या चित्रांचे पुढे काय करायचे, ती कुठे ठेवायची, किती वर्षांनी नष्ट करायची, हे तुम्ही आत्ताच सांगू शकता.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

- तुम्ही आर्ट थेरपीचे शिक्षण कुठे घेतले, आणि तुमच्या कामावर कुणा अनुभवी व्यक्तीची देखरेख आहे का? ब्रिटनमध्ये आर्ट थेरपिस्ट हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही. आपल्याकडे छंदवर्ग घेणारेही कधी कधी हा शब्द वापरतात. छंदवर्ग वाईट नसतो, पण तो उपचार नव्हे.
- यातून माझ्यासाठी काय साधायचे आहे, किती सत्रे लागतील, फी किती?
- माझे चित्र कुठे ठेवले जाईल? मला ते घरी नेता येईल का?
- ते कोण बघू शकेल? माझ्या घरच्यांना दाखवणार का?
- माझ्या डॉक्टरांशी तुम्ही काय बोलणार?
- मला एखादा विषय किंवा साहित्य नको असेल, किंवा मध्येच थांबायचे असेल, तर?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो, केव्हाही थांबता येईल, असेच असायला हवे. चित्र काढता येत नाही ही अडचण नाही. रेघा मारल्या, कागद फाडला, नुसते रंग कालवले तरी चालते.

नातेवाईकांना एक विनंती. रुग्ण सत्रातून बाहेर आल्यावर चित्र दाखव म्हणून मागे लागू नका. त्याने स्वतःहून दाखवले, तर सुंदर आहे किंवा हे काय काढलेस असे म्हणण्याऐवजी त्याला त्याबद्दल बोलायचे असल्यास ऐका.

काही चुकीचे घडते आहे असे वाटले, म्हणजे परवानगीशिवाय फोटो, चित्रावरून चेष्टा, जबरदस्ती किंवा नको ती जवळीक, तर आधी रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. समाधान झाले नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जा. तक्रार केल्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत.

तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या मनात जगणे नको असे विचार येत असतील, तर पुढच्या सत्राची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. तातडीची वेळ असेल तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या.